गाडी मिसिंग असल्याबाबत

बुलढाणा,
मंगळवार, १८ नोव्हेंबर, दुपारी दोन

श्री. हरिओमराव, आमचे जावईबापू, यांस,

काल, सोमवार, १७ नोव्हेंबर रोजी, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी, पोलीस ठाण्यातल्या टेबलावर ठेवलेल्या फोनच्या स्पीकरमधून आपण असे सांगितलेत की, "माझी अशी कोणतीही गाडी नाही आणि बुलढाण्यात मला कोणी सासूही नाही." त्या वेळी ठाण्यात सात माणसे होती (आठवी मी). वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिली आणि मनगटावरच्या घड्याळाशी ताडली. डाकखात्यात छत्तीस वर्षे काढल्यावर वेळेच्या बाबतीत अंदाजाने बोलायची सवय राहत नाही. आपणास अनेक आशीर्वाद.

प्रकृती उत्तम असावी. दिवाळीत अनारसे बाधले होते, त्यावर ओवा घ्यायला सांगितला होता. घेतलात की नाही ते कळवावे. चि. प्रेरणा इगतपुरीला विपश्यनेत आहे आणि तिचा फोन तिथल्या कपाटात आहे, हे मला ठाऊक आहे. आमच्या घराण्यात कोणी दहा दिवस गप्प राहण्याची ही पहिलीच वेळ, आणि तिने त्यासाठी नेमका हाच आठवडा निवडला. ती रविवारी बोलू लागेल. तोपर्यंत फार उशीर झालेला असेल. का, ते सांगते.

दिवाळसणाला आपण ती लाल गाडी घेऊन आलात. दोनच माणसांची गाडी, त्यामुळे बायकोची बॅग मागून एसटीने आली, त्याबद्दल मी तेव्हाही काही बोलले नाही. पळताना गाडी विमानासारखी, पण उभी राहिली की तिला हिवताप भरतो. अंगणात चालू ठेवलीत तेव्हा खिडकीच्या काचा वाजू लागल्या आणि शेजारच्या रुखमाबाई भूकंप समजून नातीला कडेवर घेऊन रस्त्यावर आल्या. आपण म्हणालात, "आई, काही नाही, जरा आयडलिंग रफ आहे, कोणाला तरी दाखवा. मी इंजिनाला बोटही लावलेलं नाही." हे बोटाचे आपण दोनदा सांगितलेत. न विचारता दोनदा सांगितलेली गोष्ट मी लक्षात ठेवते. मग आपण बसने पुण्याला गेलात.

मी दाखवली. गावातल्या दोघांनी बॉनेट उघडून आत पाहिले आणि पुन्हा लावले. तिसऱ्याने धाड गावच्या निवृत्तीचे नाव सांगितले. हा निवृत्ती जीपगाड्या आणि ट्रॅक्टर दुरुस्त करतो, बोलतो कमी, आणि शेडमध्ये म्हातारी आई बाजेवर बसून त्याच्यावर लक्ष ठेवते. शनिवारी तो स्वतः येऊन गाडी घेऊन गेला (किल्ली देताना मी त्याच्याकडून पावती लिहून घेतली, तीत "लाल गाडी, एक, थरथर" एवढेच होते).

सोमवारी सकाळी साडेदहाला त्याचा फोन आला. म्हणाला, "बाई, तुमची गाडी मिसिंग हाय."

जावईबापू, मी नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकले. तिथे चुकीच्या इंग्रजी शब्दाबद्दल सिस्टर पट्टीची कड बोटांवर मारत. मिसिंग म्हणजे हरवलेले, बेपत्ता. डाकखात्यात मिसिंग म्हणजे जे पोस्टात पडले आणि पोचले नाही ते. मी विचारले, कधीपासून? तर म्हणे, "कालपासूनच होती, आज जास्त झाली." हरवणे जास्त कसे होते, हे विचारायचे मला सुचले नाही. पत्ता लागेल का, असे विचारले. तो शांतपणे म्हणाला, "लागन ना. शोधूनच राह्यलो. संध्याकाळपर्यंत सापडते, तुम्ही टेन्शन नका घेऊ." परक्याची एवढी महागाची गाडी गेली आणि हा माणूस संध्याकाळचा वायदा करतो, असे वाटून माझ्या कानशिलात रक्त चढले. मी फोन ठेवला, पायात चप्पल घातली आणि रिक्षाने थेट ठाण्यात गेले. तक्रार मी स्वतः लिहिली, पल्लेदार वाक्यांत. तीत निवृत्तीच्या शांतपणाबद्दल एक स्वतंत्र परिच्छेद आहे.

फौजदार समजूतदार गृहस्थ. त्यांनी मालकाची खात्री करायला आपला नंबर मागितला, मी दिला. पुढचे आपल्याला ठाऊक आहे. पोलीस ठाण्यातून बोलतोय म्हटल्याबरोबर आपण हसलात. असे तीन भामटे आपण फोनवर कसे उघडे पाडले, ते दिवाळीत फराळाच्या ताटावर सांगितले होतेच. हे चौथे समजलात. मग मी स्वतः फोन हातात घेतला आणि "हरिओमराव, मी प्रेरणाची आई," असे म्हणाले. त्यावर आपण म्हणालात, "आवाज हुबेहूब जमलाय, पण ओरिजनल याच्यापेक्षा कडक आहे." आणि फोन बंद. मग माझा नंबरही आपण ब्लॉक केलात. ठाण्यातले सात जण छताकडे पाहत होते.

मग आम्ही पोलीस जीपमधून धाडला गेलो. शेडमध्ये गाडी उभी होती. हरवलेली वगैरे काही नाही, बॉनेट उघडे, इंजिन चालू, आणि अंगभर तशीच थरथर. निवृत्तीने एका रबरी नळीचे टोक कानात धरले होते आणि दुसरे टोक इंजिनाच्या एकेका भागाजवळ फिरवत होता. दोन शिपाई, फौजदार आणि मी आत शिरलो, तर त्याने न पाहता हात वर केला. "एक मिनिट गप राहा साहेब. सापडून राह्यलं." त्याच्या आवाजात असे काही होते की फौजदारही थांबले. मग त्याने नळी टाकली, आत खोल हात घातला, अंगठा कुठेतरी दाबला, आणि जावईबापू, इंजिन शांत झाले. बंद नाही, शांत. देवघरातल्या समईसारखे एकसारखे चालू लागले. अंगठा काढला की थरथर, दाबला की स्वस्थ. त्याने आम्हाला चारदा दाखवले. (मी पाचव्यांदा दाखवायला सांगितले.)

झाले होते असे. आतल्या एका बारीक तोटीवरचे रबराचे टोपण कोणीतरी काढले होते आणि तिथे पेनचे टोपण कोंबले होते. ते सैल बसून त्यातून हवा आत जात होती. गाडी उभी असताना पेट्रोलच्या मानाने हवा जास्त झाली की इंजिन मधूनच एखादा ठोका चुकवते. यालाच सगळ्या मेकॅनिक मंडळींत ‘मिसिंग’ म्हणतात, हे मला त्याने अंगठा दाबून धरूनच सांगितले. मी त्याच्याकडे पाहिले, फौजदारांनी माझ्याकडे. पेनच्या टोपणावर आपल्या कंपनीचे नाव आहे. सोबत जोडले आहे.

एवढ्यावर सगळे मिटले असते. मी तक्रार मागे घेते म्हणाले. पण फौजदार म्हणाले, आता प्रश्न निराळा आहे. नंबरप्लेट परराज्यातली, कागदपत्रे पुण्यात, आणि ज्याच्या नावावर गाडी आहे तो स्वतः म्हणतो माझी नाही. म्हणजे निवृत्तीच्या शेडमध्ये बेवारस गाडी सापडली. कायद्याने बरोबर आहे, त्यांना मी दोष देणार नाही. निवृत्तीने दोन मिनिटे मागून घेतली, डब्यातून नवे टोपण काढून बसवले, त्यावर तारेची पकड आवळली, हात पुसले आणि जीपमध्ये जाऊन बसला. बसस्टँडसमोरून नेले त्याला, भर दुपारी. जबाब घेऊन त्याला सोडले, पण शनिवारी दुपारी बारापर्यंत मालकाचे लेखी पत्र आले नाही तर गाडी जप्त होईल आणि त्याच्यावर गुन्हा नोंदला जाईल. आज सकाळी एका जीपवाल्याने आपली जीप त्याच्याकडून ओढून नेली. इंजिन अर्धे उघडे असताना.

म्हणून हे पत्र स्पीडपोस्टाने. ते गुरुवारी पोचेल. अनोळखी ई-मेल आपण उघडत नाही हे दिवाळीत सांगितले होते, तेव्हा तो मार्ग मी धरलेला नाही. शिक्का पाहावा. शिक्क्याची अजून कोणी हुबेहूब नक्कल केलेली नाही.

आपली सासू (आहे),
अनुपमा

ता. क. पत्रात एवढेच लिहावे: गाडी माझी, मी राजीखुशीने सासूबाईंकडे ठेवली, त्यांनी माझ्या संमतीने निवृत्ती यांच्याकडे दुरुस्तीला दिली. सही, तारीख, गाडीच्या कागदांची प्रत. ‘मिसिंग’ हा शब्द कुठेही नसावा.

ता. क. दुसरे. आपल्या मातोश्री सत्यभामाबाईंना फोन करून हे सगळे काल संध्याकाळीच मिटवता आले असते. नंबर माझ्याकडे आहे. पण मग त्या शब्दाची हकीकत त्यांना सांगावी लागली असती, आणि विहीणबाई ती पुढच्या तीन लग्नांत सांगत बसल्या असत्या. मी फोन उचलला आणि ठेवला. त्याची किंमत निवृत्ती मोजतो आहे, हे मला कळते. हे पत्र प्रेरणाला दाखवू नये.

ता. क. तिसरे. आज सकाळी पहिल्या एसटीने मी धाडला जाऊन आले. माफी मागायला. शेडमध्ये उभी राहिले आणि तोंडातून काय निघाले, तर पाटीवरच्या ‘गॅरेज’चे इंग्रजी स्पेलिंग चुकले आहे. त्याने चहा मागवला. म्हणाला, "तुमच्यावर राग नाही बाई. फक्त मायनं पाह्यलं मले जीपमधी बसताना. ती कालपासून जेवली नाही." म्हातारी बाजेवर पाठ करून बसली होती. छत्तीस वर्षांत मी कोणाकडे चूक कबूल केलेली नाही, त्यामुळे ते करतात कसे हे मला या वयात येत नाही. रिकाम्या हाताने पुन्हा तिच्यासमोर उभे राहणे मला जमणार नाही. आपला कागद हातात असला, तर तो आधी तिला वाचून दाखवीन, आणि चूक माझी होती हे त्याच दमात म्हणून टाकीन. लेखी उत्तर शनिवार, २२ नोव्हेंबर, दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पाहिजे.