कोप गाळलेली मिस्सा

१७ ऑक्टोबर १९९७, शुक्रवार. अबुधाबी

इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चमधला रविवारही शुक्रवारीच. मिस्सेनंतर कॉयरची प्रॅक्टिस. नोव्हेंबर मृतांचा महिना, तर मिस ग्लोरियाने एका फ्रेंच संगीतकाराचा रेक्विएम काढलाय, सगळा लॅटिनमध्ये. मेलेल्यांसाठी आहे, पण अंगाईसारखा मऊ. धाकटा भाऊ रॉकी वरच्या आवाजात, टेनर; मी खालच्या, बेस. आमच्या वर्कशॉपचा फोरमन आगुस्तीनही बेसच, माझ्या शेजारी. 'लिबेरा मे'चा सोलो त्याला. म्हणजे मला सोडव. वर्कशॉपात आम्ही सगळे त्याच्याबद्दल हेच म्हणतो!

२१ ऑक्टो., मंगळवार. मुसफ्फा

वर्कशॉपात रॉकी टाकीत उतरायला नाही म्हणाला. आत गॅसचा वास होता, मलाही आला होता. आगुस्तीन ओरडला, "यल्ला, उतर!" आणि डाव्या कानाखाली आवाज काढला. मग पुन्हा, तिथेच. रॉकी पाइपांवर आपटला. कानातून रक्त, कॉलर भिजली. मी धावलो तर चौघांनी मला आवळून धरलं. आगुस्तीन आपल्याच वसईचा माणूस! ओरडलो, मारून टाकीन. मनापासून म्हणालो.

२५ ऑक्टो., शनिवार

डॉक्टर हिंदीत म्हणाला, "परदा फट गया, अंदर की हड्डी भी. लेफ्ट कान खलास." रॉकी हसला. "दादा, आता उजवीकडून बोलत जा." मी बाथरूममध्ये भिंतीवर बुक्के मारले. गाणं सोडलं त्याने. सूर कुठून येतो तेच कळत नाही म्हणतो.

३१ ऑक्टो., शुक्रवार

आ. (पूर्ण नाव लिहवत नाही) आज 'मेआ कुल्पा'ला छाती बडवत होता. माझा अपराध, माझा अपराध. त्याच हाताने. मीही बडवली, बरगडी दुखेपर्यंत. माझा कसला अपराध? अजून त्याला हात लावला नाही, हाच.

ग्लोरियाला विचारलं, यात 'दिएस इरे' कुठाय? कोपाचा दिवस? म्हणे, "कंपोजर ने छोड़ दिया, बाबा. ही वॉन्टेड पीस." शांती हवी होती म्हणे! त्याचं काय जातंय. त्याच्या भावाचा कान कुणी फोडला नव्हता.

१४ नोव्हें., शुक्रवार

गाण्याच्या कागदांखाली वर्कशॉपातला लोखंडी पाना ठेवून नेला. प्रॅक्टिसनंतर पार्किंगमध्ये गाठला आ.ला. पाना काढावा लागला नाही, हातच पुरले. ओठ फाटला, मग पुढचा दात. खाली पाडून लाथा घातल्या. तो नुसता दोन्ही कान झाकून पडलेला. स्वतःचे कान बरे सांभाळता येतात! ते बघून आणखीच पिसाळलो. ग्लोरिया किंचाळली, "पोलीस आएगा! डिपोर्ट होगा तू!" तेव्हा थांबलो.

बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

१६ नोव्हें., रविवार

पोलीस नाही आले. आ. कंपनीत सांगतोय, जिन्यावरून पडलो. कशाला वाचवतोय मला? मला त्याचे उपकार नकोत. रॉकी म्हणाला, "तुला घरी पाठवलं असतं, तर मी इथे एकटा. अर्धा बहिरा." थोबाडीत बसल्यासारखं झालं. पाना परत ठेवून आलो.

२८ नोव्हें., शुक्रवार. दुपार

रेक्विएम झाला.

रॉकी पहिल्या बाकावर, माझ्या अगदी पुढ्यात. एकमेकांना हात देऊन शांती देण्याची वेळ आली तसा आ. ओळ सोडून खाली उतरला. माझ्या मुठी वळल्या. तो रॉकीजवळ वाकला आणि हळू आवाजात बोलला. बराच वेळ. डाव्या कानात. ज्याचा त्यानेच सत्यानाश केला त्या कानात! मी शब्दन् शब्द ऐकला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते ढोंग नव्हतं. रॉकीने सगळे देतात तसा हात दिला. आ.ला वाटलं, माफ केलं.

मग येऊन 'लिबेरा मे' गायला. दात नाही, त्यामुळे शब्दांतून हवा जात होती. आवाज फाटला, तरी थांबला नाही. असा मी त्याला कधी ऐकला नव्हता. राग आला मला. असं गायचा त्याला काय हक्क?

बसमध्ये रॉकीने विचारलं, "दादा, काय म्हणाला रे तो?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. आता लेबर कॅम्पवर आलोय. समोरच्या खाटेवर रॉकी चांगला कान वर करून पडलाय. जागा आहे.