गुरुवारची मीटिंग

९ ऑक्टोबर, गुरुवार

आजची मीटिंगही झकास झाली! मी इथे आयर्लंडात, कासलबारमध्ये लेकीच्या स्वयंपाकघरात, मांडीवर नातू. आणि तिकडे गावात समाजमंदिरात गटाच्या सगळ्या बायका फोनसमोर. व्हिडिओवर बचत गट चालवता येतो, असं मला उन्हाळ्यात कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

सगळ्या वेळेआधी हजर. ठेवणीतल्या साड्या, वेणीफणी केलेली. उशिरा येणारीला दंड असतो आमच्यात, पण दंड करायला एकही सापडली नाही. आणि भांडण तर औषधालाही नाही! मी तिथे असताना पहिला अर्धा तास कोण कुणाला काय बोललं यातच जायचा. लांबून वचक जास्त बसतो की काय!

स्मृतीचा अर्ज होता— मिरची कांडप यंत्रासाठी कर्ज हवंय. पोरगी गुणी, पण घाई फार. शिलाई मशीनचं कर्ज आत्ता कुठे फिटलंय. म्हटलं, ‘वर्षभर थांब.’ ‘बरं ताई.’ बाकीच्याही लगेच, ‘ताई म्हणतील तसं.’ किती शहाण्या झाल्यात!

१२ ऑक्टोबर

अक्षयाने परत तोच विषय काढला. तिची बाळंतपणाची रजा संपत आली, दहा नोव्हेंबरला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये हजर व्हायचंय. जावई कामाला शॅननला जातात, ते अंधारातच घर सोडतात. पाळणाघरात जागा मिळणार डिसेंबरात. ‘आई, व्हिसा आहे ना तुझा तोवर? तिकीट पुढे ढकलूया ना.’

माझं तिकीट आठ नोव्हेंबरचं. म्हटलं, आणि गटाचं काय? बँकेकडून मोठं कर्ज घ्यायचंय, मॅनेजरशी बोलणी व्हायचीत. मी नसले तर त्या तोंड उघडणार नाहीत. पहिल्यांदा बँकेत नेलं तेव्हा खुर्च्या रिकाम्या असून सगळ्या फरशीवर बसल्या होत्या! एकेकीला हाताला धरून उठवलं मी.

अक्षया बाळाची झबली घडी करत राहिली. वाईट वाटलं मला. पण तिला चांगला नवरा आहे, पगार आहे. गटातल्या बायकांना माझ्याशिवाय कोण आहे?

१४ ऑक्टोबर

पाऊस. बाळ दुपारभर झोपलं. मीही. मजेत चाललंय.

१७ ऑक्टोबर

आज फार गंमत! अक्षयाचं क्रेडिट युनियनमध्ये काम होतं. मला वाटलं बँकच. तर तिथल्या नोराबाई म्हणाल्या, नाही, हे सभासदांचं आहे. याच भागातल्या माणसांनी थोडं थोडं साठवायचं आणि आपसातच कर्ज द्यायचं. नोराबाईंची आई याच कामासाठी दारोदार फिरलेली. अगं बाई, म्हणजे आमचा गटच की! मी उठून त्यांचे दोन्ही हात धरले. अक्षया लाजली.

मी माझ्या इंग्रजीत आमचं सगळं सांगितलं— कुणी शेळ्या घेतल्या, कुणी शिलाई मशीन, आता नवऱ्याकडे मिठामिरचीलाही हात पसरावा लागत नाही. सावकाराचं तर नावच नको. नोराबाईंनी विचारलं, तुम्ही इथे, मग आता अध्यक्ष कोण? म्हटलं, मीच! फोनवरून! ‘ग्रँड,’ म्हणाल्या. इथे सगळंच ग्रँड असतं, पण मला ते शाबासकीसारखंच वाटलं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

सणाचा दिवस, तरी मीटिंग चुकवली नाही कुणी! ज्या माहेरी गेल्यात त्यांनी तिथून फोन जोडला. एकीच्या मागे तिचा भाऊ ओवाळून घ्यायला ताटकळत बसलेला. मी नको नको म्हणत होते. स्मृती म्हणाली, ‘तुमचं दर्शन झालं ताई, दिवाळी झाली.’

यंत्राचं तिने परत काढलं नाही. समजूतदार आहे.

२९ ऑक्टोबर

बाळ पालथं पडलं! पहिल्यांदाच! मी आणि अक्षया दोघी जमिनीवर पालथ्या झोपून त्याला टाळ्या वाजवत होतो. मग ती म्हणाली, ‘रांगेल तेव्हा तू नसशील.’ उगाच बोलते.

रात्री बॅगेत थोडे कपडे भरले. मन लागेना, झाकण तसंच लावून ठेवलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

स्मृतीला सकाळी सहज फोन लावला. सासूबाईंनी उचलला. मागे एवढी घरघर की धड ऐकूच येईना. म्हणाल्या, ‘यंत्र चालू हाय ओ. स्मृती मीटिंगला गेलीया. ब्यांकेचं सायेबबी आल्यात आज गावात, बायकांनी बोलवून घेतलं.’

म्हटलं, मीटिंग तर गुरुवारी असते!

‘ती तुमच्यासाठीची ओ ताई. तुम्हास्नी तिकडं करमंना म्हनून. खरी सोमवारीच असती की.’

आधी संताप आला. मग रडू आलं, आणि रडता रडता त्या सायबासमोर खुर्च्यांवर बसलेल्या दिसायला लागल्या मला सगळ्या. अक्षया हाका मारत आली. तिला म्हटलं, तिकीट पुढे ढकल.

गुरुवारी मात्र मी वेळेआधी फोनसमोर बसेन. एवढ्या बायका हातातली कामं टाकून माझ्यासाठी येतात.