एकतीस नाताळांचं हॅम

लिख्टेनहोफ, मॅनिटोबा
४ मार्च २००८

प्रिय आगानेथावन्सं,

तुमच्या थकलेल्या भावजयीचा, जस्टीनाचा, नमस्कार. (वाकून केला असता, पण गुडघ्यांनी जानेवारीपासून संप पुकारलाय.) तुमचा खोकला कसा आहे? तिकडे चाकोच्या कोरड्या रानात पाऊस झाला का, पाण्याची टाकी निम्मी तरी भरली का? इथे बर्फ खिडकीला टेकलंय, आणि तुमचे बंधू कोर्नेलियस शहात्तराव्या वर्षीही ठणठणीत आहेत. दमायचं काम या घरात पहिल्यापासून माझ्याकडेच आहे.

यांच्या खिडक्यांच्या कारखान्याला पन्नास वर्षं झाली म्हणून आमच्या चर्चच्या मंडळीच्या समितीने यांचं चरित्र छापायचं ठरवलं. आपल्यात माणूस स्वतःचा फोटो भिंतीवर लावायला लाजतो, तिथे पुस्तक! हे तीनदा नाही म्हणाले. चौथ्यांदा म्हणाले, "चालेल, पण खरं लिहा. मी ज्यांना दुखवलंय त्यांनाही विचारा." तिथेच माझं कंबरडं मोडलं, कारण दुखावलेली माणसं जेवायला कुणाकडे येणार? यांनी मंडळीच्या रविवारच्या पत्रकात चक्क निवेदन दिलं: माझ्याविषयी तक्रार असणाऱ्यांनी मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी घरी यावं, कॉफी मिळेल. (कॉफी कोण करणार ते छापलं नव्हतं.)

वन्सं, या माणसाने परमुलखात विहिरी खणल्या, दवाखाने बांधले, निर्वासितांना घरं दिली. पण त्यातली प्रत्येक विहीर माझ्या स्वयंपाकघरातून गेली आहे. व्हिएतनामहून आलेली आठ माणसं आमच्या तळघरात दोन हिवाळे राहिली. (गोड माणसं. त्यांच्या थोरलीने मला मासे शिजवायला शिकवले आणि मी तिला आपल्या पनीर भरलेल्या करंज्या, वेरेनिकी. आजही फोन करते, तुमच्या भावाला नव्हे, मला.) तेव्हा तक्रारदारांचं आदरातिथ्य काय, आणखी एक विहीर.

लिहायला लोरेटा उन्रुह नावाची मुलगी टेपरेकॉर्डर घेऊन बसायची. तक्रारदार यायचे, माझ्या झ्वीबाक पावांवर लोणी थापायचे आणि स्तुती करून जायचे. एक जण म्हणाला, "कोर्नेलियस फारच चांगला आहे, हीच माझी तक्रार." त्याला मी दुसऱ्यांदा वाढलं नाही. एका बाईंच्या १९८१ सालच्या खिडकीतून वारा येत होता, तर हे त्याच दुपारी त्यांच्याकडे जाऊन शिडीवर चढले. शिडी धरायला मी होतेच.

तिसऱ्या गुरुवारी गेरहार्ट एसाऊ आला. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. कारखान्यात करवतीवर होता. एकतीस नाताळांपूर्वीच्या डिसेंबरात भूकंपवाल्यांसाठी खिडक्या पाठवायच्या होत्या. माणसं आधीच दोन पाळ्या करून गळली होती, पण हे "शेवटच्या चाळीस चौकटी, भावांनो!" करत मागे उभे होते. त्या चाळिसांत गेरहार्टची दोन बोटं गेली. चौकटी वेळेवर पोचल्या. तेव्हापासून दर नाताळला आमच्याकडून त्याला एक अख्खं हॅम जातं. निवडते मी, बांधते मी.

त्याने टोपीही काढली नाही. कॉफी सरकवली बाजूला आणि म्हणाला, "कोर्नेलियस, मला तुझं हॅम नको होतं."

"आवडलं नाही होय?" हे म्हणाले. (बघा!)

"बायकोला पचत नाही. पहिली दोन खाल्ली. मग शेजाऱ्याच्या कुत्र्याला घालत गेलो. तो फुगून मेला. त्याने दुसरा आणला, तोही मेला." मला हसू यायला लागलं होतं, तेवढ्यात तो म्हणाला, "मला वाटलं होतं, तू येशील. एकदा तरी. नुसता बसशील."

मंत्र्यांसमोर तासभर बोलणारा तुमचा भाऊ टेबलावरचे पावाचे चुरे गोळा करायला लागला. लोरेटाने आपणहून टेप बंद केला. मग हे म्हणाले, "चुकलं माझं, गेरहार्ट. आज येऊ?"

"आज मीच इथे आलोय ना! उद्या ये. दोन वाजता."

तेव्हापासून हे रोज दोन वाजता तिकडे जातात. बोलत फारसं नाहीत म्हणे. टिचकीने सोंगट्या उडवायच्या लाकडी पाटावर खेळतात. उरलेल्या बोटांनी गेरहार्ट यांना रोज हरवतो. परवा कोट न काढताच मला सांगत होते, "आज फक्त दोन सोंगट्यांनी हरलो गं!" असा चेहरा मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

पुस्तक बारगळलं. समितीला गेरहार्टचं प्रकरण नको होतं. हे म्हणाले, ते प्रकरण नाही तर पुस्तक नाही. आणि गेरहार्ट म्हणाला, माझी बोटं छापायची नाहीत. लोरेटा बिचारी पुन्हा शाळेत शिकवायला लागली. चौदा ताटं झ्वीबाक मात्र लोकांच्या पोटात गेले ते गेलेच.

आणि ईस्टरला आम्ही दोघं तुमच्याकडे येणार होतो ना, तेही राहिलं. "गेरहार्टला रोज येतो म्हणालोय," असं उत्तर मिळालं. एकोणीस वर्षांत आपण भेटलो नाही, पण माझ्याशी वाद घालायचीसुद्धा ताकद उरलेली नाही. तब्येतीला जपा.

तुमची,
जस्टीना

ता. क. मी एकटीच आले तर चालेल का? पायऱ्या नसलेली खोली द्या. तीन आठवडे मला कुणाचंही भलं करायचं नाही.

दुसरा ता. क. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण पुरतं नाही. त्या डिसेंबरात हे गेरहार्टकडे जायला निघाले होते. कोट घालून दारात उभे होते. मीच म्हटलं, "जाऊन काय बोलणार? उगाच आणखी चिडेल. छानसं हॅम पाठवू." यांनी कोट काढून ठेवला. ही गोष्ट यांनी लोरेटाला सांगितली नाही, गेरहार्टला सांगितली नाही, इतक्या वर्षांत मलाही कधी ऐकवली नाही. त्या गुरुवारी "चुकलं माझं" म्हणाले तेव्हा मी तिथेच किटली धरून उभी होते, आणि गप्प राहिले. तुमच्याकडे यायच्या आधी मला गेरहार्टच्या घरी जायचंय. काय बोलू ते सुचत नाही. तुम्ही थोरल्या आहात, सांगा. पत्र नको, फोन करा. दोननंतर करा, तेव्हा मी घरी एकटीच असते.