कु. सुनंदा वैती हिच्या कौटुंबिक पार्श्वभूमीबाबत

प्रति,
मा. शिक्षण निरीक्षक साहेब,
उपनगर विभाग, मुंबई

विषय : नात कु. सुनंदा चंदू वैती, वय सहा, हिला इयत्ता पहिलीत प्रवेश नाकारल्याबाबत. तसेच आमचे घर सुधारल्याने झालेल्या नुकसानीबाबत.

संदर्भ : शाळेच्या दोन चिठ्ठ्या. तिसरी येऊ नये ही इच्छा.

महोदय,

खाली सही करणार बळवंत धर्मा वैती, राहणार वेसावे कोळीवाडा, अंधेरी, निवृत्त शिपाई, सविनय कळवतो की,

१. मी शिक्षण खात्याच्या एका कचेरीत दाराबाहेरच्या स्टुलावर उभा जन्म काढला. अर्ज कसा लिहावा हे मी अर्ज वाहून शिकलो. तरी भाषेत उणे दिसल्यास ते स्टुलाचे समजावे, घराण्याचे समजू नये. घराण्यावर आधीच बरेच आले आहे.

२. माझी बायको पार्वती व सून कमळ मासळी विकतात. मुलगा चंदू होडीवर असतो. सुनंदा ही त्याची मुलगी. अंधेरीतील एका अनुदानित शाळेत (नाव चिठ्ठ्यांवर आहे, इथे लिहून शाळेची शोभा करण्याचा हेतू नाही) पहिलीच्या प्रवेशासाठी मुलांची चाचणी घेतात. मुलाला लिहितावाचता येते की नाही हे शाळेत घालण्याआधीच पाहून घेतात, म्हणजे मागाहून शिकवण्याचा त्रास राहत नाही.

३. एप्रिलात पहिली चाचणी झाली. परीक्षक नलिनीबाई. स्वभावाने चांगल्या, आवाज मऊ. त्यांनी चिंचोक्यांचा ढीग पुढे ठेवून "मला दहा दे" म्हटले. सुनंदाने मोठ्याने मोजून दहा दिले आणि आणखी एक बाईंच्या तळहातावर ठेवून म्हणाली, "बाय, यो वरचा तुना."

साहेब, आमच्या पार्वतीकडे दहा बोंबील मागितले की अकरावा वरून मिळतो. सासूपासून चालत आले आहे. मोजून तेवढेच देणाऱ्या कोळणीकडे दुसऱ्यांदा कोणी येत नाही. सुनंदा टोपलीशेजारी बसूनच मोजायला शिकली, त्यामुळे वरचा दिल्याशिवाय दहा पुरे होतात हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

पुढे बाईंनी विचारले, "आई काय करते?" रांगेतल्या सर्व मुलांनी 'स्वयंपाक करते' असे सांगितले होते. सुनंदा म्हणाली, "आई बाजारात भांडते. आजी घरी भांडते." उत्तर खरे आहे. भाव करणे याला आमच्याकडे दुसरा शब्द नाही.

शेरा मिळाला : "अंकज्ञान अपूर्ण. घरी कलह. कौटुंबिक पार्श्वभूमी शैक्षणिक नाही."

४. सुनंदाच्या पुढे पार्ल्याच्या एका प्रोफेसरांचा मुलगा होता. त्याने दहाच्या ऐवजी सात चिंचोके दिले, एक तोंडात घातला व रडू लागला. त्याचा शेरा मी खिडकीतून ऐकला : "मूल घाबरले आहे. घरी करून घेतील." त्यास प्रवेश मिळाला. मुलाविषयी माझी तक्रार नाही, गोड आहे. शंका एवढीच की, जे घरी करून घेतात त्यांनाच शाळा, व ज्यांच्या घरी करून घेणारे कोणी नाही त्यांनी घरीच राहावे, असा नियम असल्यास तो रेशन दुकानांनाही लावावा. दुकानदाराने म्हणावे, आधी घरी पोटभर जेवता असा दाखला आणा, मग तांदूळ देतो. धान्याची पुष्कळ बचत होईल.

५. मी मुख्याध्यापिकाबाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, "आजोबा, मुलगी हुशार आहे हो, पण घरचं वातावरण! महिनाभर घरात शांतता ठेवा, शुद्ध बोला, मग पुन्हा आणा."

त्याप्रमाणे आम्ही घर सुधारले. त्याचा अहवाल देतो.

पार्वतीने सुनंदासमोर वरचा मासा देणे बंद केले. पहिल्याच दिवशी जुन्या गिऱ्हाईक जोगळेकरीण काकू म्हणाल्या, "काय गं पार्वती, वरचा कुठाय?"

"नाय मिलनार. पोरीची परीक्षा हाय."

"परीक्षा पोरीची, आणि वजाबाकी माझी होय?"

काकू तेव्हापासून शेजारच्या टोपलीवर जातात व जाताना आमच्याकडे बघतात.

शुद्ध बोलण्याचे काम कठीण गेले. कमळ म्हणाली, "अशुद्ध बोलन्यापरीस नाय बोललेला बरा," आणि गप्प झाली. चंदूला दर्यावर वाऱ्यापलीकडे ओरडायची सवय. घरी तो कुजबुजू लागला. शेजाऱ्यांना वाटले घरात कोणी आजारी आहे, ते पेज घेऊन आले. पार्वती पळीने खुणा करी. पळी वर म्हणजे जेवायला या, पळी उलटी म्हणजे संपले. मी स्वतः "सुनंदे, कृपया इकडे ये" असे म्हणू लागलो. पोरगी घाबरून आजीमागे लपली.

आणि सुनंदाने तोंड उघडले की एरवी गप्प असलेले आम्ही चौघे चार बाजूंनी धावत असू. "मना नाय, मला!" "शाला नाय, शाळा!" यात आमचाही 'नाय' चुकतच होता. पहिल्या आठवड्यात ती रडली. दुसऱ्यात भांडली. पुढे तीही शांत झाली. मुख्याध्यापिकाबाई आल्या असत्या तर त्यांना घर फार आवडले असते.

६. मे महिन्यात दुसरी चाचणी झाली. नलिनीबाईंनी दहा चिंचोके मागितले. सुनंदाने दहाच दिले. मी खिडकीत उभा होतो. मनात म्हटले, जिंकलो. मग बाईंनी विचारले, "आई काय करते?" सुनंदाने माझ्याकडे पाहिले. बोलली नाही. पुन्हा विचारले, नाही. "बरं, तुझं नाव काय गं?" तेही नाही. ओठ मिटून उभी राहिली, नाव सांगण्यातसुद्धा काही चूक असेल अशी. बाईंनी तिला जवळ घेतले, हे नमूद करतो. पण शेरा लिहिलाच : "मूल अबोल. घरी संभाषण होत नसावे. पार्श्वभूमी पूर्ववत."

७. कोळीवाड्यातल्या शाळेत का घालत नाही, असे आपण विचाराल. चंदू तिथेच होता. तिसरीत होडीवर गेला. मास्तर म्हणाले, कोळ्याचा पोर, जायचाच. आता कमळ म्हणते, "आबा, तुमची शाला नारली पुनवेपर्यंत बघा. त्या दिशी होड्या निंघतील, मंग पोर माझ्या संगती बाजारात." मी तिला दोष देत नाही. टोपलीपाशी निदान कोणी शेरा मारत नाही.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला. सुनंदा सकाळी आपणहून वेणी घालून घेते व ओट्यावर बसते. घरात आम्ही पुन्हा पूर्वीसारखे भांडू लागलो आहोत, मुद्दाम मोठ्याने. ती अजून बोलत नाही.

८. सबब विनंती की, पुढीलपैकी जे कार्यालयास सोयीचे असेल ते व्हावे :

(अ) पार्श्वभूमी आमची असल्याने पहिलीत आम्हास बसवावे. मी, पार्वती, कमळ व (पावसाळ्यापुरता) चंदू मागच्या बाकावर बसू. आम्ही चौथी पास झालो की सुनंदाचे घर शैक्षणिक ठरेल. तोवर ती दहा वर्षांची होईल, एवढीच अडचण आहे.

(ब) ते न जमल्यास : माझे जुने सोबती मार्तंडराव, कारकून, यांनी सांगितले की, अनाथ मुलाच्या बाबतीत कौटुंबिक पार्श्वभूमीचा रकाना कोरा सोडतात व शेरा लागत नाही. तरी कु. सुनंदा हिला शाळेच्या वेळेपुरते, सकाळी अकरा ते सायंकाळी पाच, कुटुंब नाही असे समजावे. आमची हरकत नाही. आम्ही फाटकापाशी उभे राहणार नाही, पलीकडच्या वळणावर राहू. पोर रस्ता ओलांडायला शिकेपर्यंत तेवढी परवानगी असावी.

नारळी पौर्णिमेच्या आत उत्तर यावे. उशीर झाल्यास उत्तराची गरज उरणार नाही.

आपला नम्र,
(व अर्ज मंजूर झाल्यास अकरा ते पाच कोणाचाही आजोबा नसलेला)

बळवंत धर्मा वैती
वेसावे, दि. १८ जून १९७३

सोबत :
१. जन्माचा दाखला.
२. चिठ्ठ्या, दोन.
३. मुलीस कुटुंब नसल्याबद्दल कुटुंबातील सर्वांचे संमतिपत्र. सह्या दोन, अंगठे दोन. पार्वतीचा अंगठा पुसट आला आहे. तिने तो तीनदा मागे घेतला.