डोळे सोडून सगळं

बाबा, आज पडवीत रंगाच्या वाट्या धुताना तुमचा आवाज आठवला. मी तेव्हा लहान होते, शाडू मळताना विचारलं होतं, "मूर्तीला पारोशानं शिवलं तर पाप लागतं का?" तुम्ही हात न थांबवता रागावलात, "पूजा होईस्तवर ती माती हाय. हात कुणाचा ते मातीला कळत नाय. हलका हाय का जड, तेवढं कळतं." डोळ्यांचं मात्र वेगळं होतं. डोळे आखायच्या दिवशी तुम्ही चहासुद्धा घेत नसायचात. तुम्ही गेलात त्याला किती वर्षं झाली. कुंचला माझ्याकडे आला, धीर आला नाही. प्रत्येक मूर्तीपुढे मला वाटायचं, काहीतरी चुकलंय.

यंदा माघी गणपती रमजानात आला. माझ्यासोबत कॉलेजातली मैत्रीण काम करते, रोह्याची, मुसलमान. पितांबर, दागिने, सोंडेवरची नक्षी तिची. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं होतं, "डोळे नको सांगू गो. जीव घालायचं काम आमच्यात अल्लाचं." मी म्हटलं, "माझे बाबाही डोळ्यांनाच भ्यायचे." तेव्हापासून डोळे माझे, बाकी तिचं. मूर्ती न्यायच्या दिवशी तिचा रोजा आणि मीही सकाळपासून चहा घेतलेला नाही. मी डोळे आखते, ती शेजारी बाजूबंद रंगवते.

दुपारी रोह्याच्या मंडळाची मुलं टेम्पो घेऊन येतात. त्यांच्यातला एक तिला ओळखतो. "ही तर आमच्या गावची. हिचा हात लागलाय काय मूर्तीला?" ती कुंचला खाली ठेवते. "नुसते रंग कालवते" म्हटलं असतं तर भागलं असतं. पण जीभ वळेना.

"डोळे सोडून सगळं हिनं रंगवलंय."

"मग दुसरी दे."

"दुसरी हाय. पण तीपण हिनंच रंगवलीय. इथली एकूण एक." मुलं एकमेकांकडे बघायला लागली. "पूजा तुमचा भटजी करणार ना? तोवर ही माती हाय. न्यायची तर हीच न्या." शब्द तुमचे होते, बाबा, पण आवाज माझा होता, आणि तो कापला नाही.

त्यांच्यातला दुसरा एक वाकून बघत होता. "पितांबराची किनार बघ रे. तुला तर मंडळाचा फलक पण सरळ लिहिता येत नाय." सगळे हसले. विचारणाऱ्याचे कान लाल झाले. थोड्या वेळानं तोच तिला म्हणाला, "रोजा हाय ना तुझा? एसटीची वाट नको बघू. पुढं बस, रोजा सुटायच्या आत घरी सोडतो."

"मी मागं बसणार, मूर्ती धरून," ती म्हणाली. "वडखळच्या खड्ड्यांत तुमच्या हातांवर माझा भरवसा नाय."

टेम्पो सुटला, मुलं मोरया ओरडली, मी हात जोडले. हे पत्र रंगांच्या डब्यातच राहील, म्हणून सांगते. हात जोडले तेव्हा मी देवाकडे बघत नव्हते. मूर्तीला मिठी मारून बसलेल्या तिच्याकडे बघत होते. आणि काही चुकलंय असं वाटलं नाही.