मनगट टेकवून

बाबा, मी मण्यांची ब्रेसलेटं करतो. बारीक काचेचे मणी सुईने दोऱ्यात ओवायचे, रंगांची नक्षी जुळवायची, टोकाला हूक बसवायचा आणि मनगटात घालायचं. विकत नाही कुणाला, नुसती हौस. तुम्ही असतात तर आधी हसला असतात. पोलादपूरच्या बाजारात बायका पोत ओवून घ्यायला बसतात, तिथलं काम आपल्या पोराने घरात आणलं म्हणून. मग माझ्या हातांकडे तुमची नजर गेली असती आणि तुम्ही गप्प झाला असतात. कारण माझेही हात थरथरतात, बाबा. अगदी तुमच्यासारखेच. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी सुरू झालं, त्यामुळे तुम्हाला ते माहीत असायचं कारण नाही.

आक्काला बघायला पाहुणे आले होते तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. मी शाळकरी पोर. कुडपणच्या घराची ओटी आईने आदल्या दिवशीच सारवून ठेवली आहे, शेजारून चांगल्या कपबश्या मागून आणल्या आहेत. आक्का चहा देऊन आत जाते. पाहुणे बशीत ओतून चहा पितात, आणि तुम्ही कप उचलता. कप बशीवर वाजायला लागतो. आधी बारीक, मग सगळ्यांना ऐकू जाईल असा. तुम्ही तो तसाच वर न्यायला जाता आणि निम्मा चहा धोतरावर सांडतो. शेजारचे काका तुमच्या बाजूलाच बसलेले. त्यांनी थट्टेने म्हटलं, "सकाळीच घेतलीस वाटतं रे!" तेच एकटे हसले. पाहुण्यांपैकी कुणी हसलं नाही.

थोड्या दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन आले. "पोरगी पसंत हाय वयनी, पण बाप पितो म्हणतात." आई दारातच उभी राहिली. "घोटभर पण घेत नाय वो ते! कुणाला पण इचारा गावात." मध्यस्थ म्हणाले, "घरची माणसं असंच सांगतात." तुम्ही आतून सगळं ऐकत होतात. तुम्ही कोयता घेतलात आणि कुणाशी न बोलता रानात गेलात. संध्याकाळी लाकडाचा एवढा मोठा भारा डोक्यावरून आणलात की दोन माणसांनी उतरवायला हवा होता. तो तुम्ही एकट्याने उतरवलात आणि तेव्हा तुमचा हात तसूभरही हलला नाही. गावाला नेमकं हेच दिसायचं. कोयता चालवताना हात ठीक, नांगर धरताना ठीक, आणि चार माणसांत चहाचा कप धरला की थरथर. मग लोकांनी काय समजायचं? त्यांना जे समजायचं ते समजले.

आक्काचं पुढे चांगलं झालं, तिचं मुंबईतलं घर तुम्ही पाहिलंतच. पण तुम्ही त्या दिवसापासून चार माणसांत खाणंपिणं सोडलंत. लग्नाच्या पंगतीला बसायचा नाहीत, वाढायलाही जायचा नाहीत. एकदा मी विचारलं होतं, "बाबा, तुमचा हात का हलतो?" तुम्ही एकदम खेकसलात, "कळत नाय त्यात बोलू नको!" मी घाबरून उठलो. मग तुम्ही बैलांना वैरण टाकता टाकता, माझ्याकडे पाठ करून म्हणालात, "मला पण कळत नाय रे."

ते कळलं मला, पन्नाशी ओलांडल्यावर. महाडला एमआयडीसीत एका कारखान्याच्या गोदामात मी काम करतो. माल बाहेर निघाला की पावतीवर माझी सही लागते. सही बिघडत चालली. मी डबा एकटाच कोपऱ्यात खायला लागलो, चहाला नको म्हणायला लागलो. का, ते स्वतःलाही सांगितलं नाही. एक दिवस नवीन आलेल्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. काही कामाचं बोलता बोलता ते खुर्चीतून उठले आणि माझ्या तोंडाजवळ येऊन उभे राहिले. वास घेत होते ते. बाबा, मी त्या क्षणी तुमच्या ओटीवर बसलो होतो, तुमच्या जागी, धोतरावर चहा सांडलेला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि डॉक्टरांकडे गेलो. त्यांनीही पहिलं हेच विचारलं, "घेता का?" मी नाही म्हटलं. त्यांनी मला कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली, पाण्याचा पेला उचलायला लावला, आणि मग विचारलं, "वडिलांचे हात थरथरायचे?" मी हो म्हटलं, तर जणू पावसाळ्यात पाऊस पडतो का विचारल्यावर हो म्हणावं, इतकं साधं काहीतरी मी बोललो असा त्यांचा चेहरा. म्हणाले, हा कंप आहे, घराण्यात चालत येतो, जिवाला धोका नाही, गोळीने थोडा कमी होईल. आणि जाता जाता सहज म्हणाले, "गंमत म्हणजे यात माणसाने दारू घेतली ना, तर बऱ्याच जणांचा कंप तेवढ्यापुरता कमीच होतो." मी दवाखान्याच्या पायरीवर आलो आणि तिथेच बसलो. म्हणजे बाबा, तुम्ही खरोखर पिणारे असतात, तर त्या दिवशी कदाचित कप वाजलाच नसता! मला रडू यायला हवं होतं, पण मला हसू फुटलं. रस्त्याने जाणारी माणसं वळून बघायला लागली इतका हसलो.

मणी आले ते माझ्या मुलीमुळे. तिने हौसेने मण्यांची पाकिटं मागवली होती. एक पाकीट फुटलं आणि मणी घरभर पळाले, पलंगाखाली, कपाटाखाली. ती कामावर निघाली होती, म्हणून मी जमिनीवर पालथा पडून एकेक वेचायला लागलो. मोहरीएवढे मणी, आणि माझे हे हात! पण मनगट फरशीला टेकलेलं होतं, आणि टेकलं की बोटं शांत. मी पुन्हा उचलून बघितलं. टेकवलं की शांत, उचललं की थरथर. तेवढ्यात मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. चुलीपुढे तुम्ही उकिडवे बसला आहात, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर घट्ट टेकवलेली, दोन्ही हातांत फुलपात्र, आणि तुम्ही एकही थेंब न सांडता चहा पिताय. आई पाठमोरी भाकरी थापतेय, मुद्दाम पाठमोरी. मला वाटायचं तुम्हाला थंडी वाजते म्हणून तसं बसता. तुम्ही ते कधीच शोधून काढलं होतंत, बाबा. नुसतं कुणाला दाखवलं नाहीत.

मग मी शिकलो. ताटात जाड फडकं पसरायचं म्हणजे मणी पळत नाहीत. ताट पाटावर, पाट मांडीवर, मनगटं ताटाच्या काठावर. सुई हातात धरायचीच नाही. ती बुचात उभी रोवायची आणि मणी तिच्याकडे न्यायचा. पहिलं ब्रेसलेट व्हायला पावसाळा गेला. लाल-पांढरं, मध्ये एक मणी चुकलेला. मुलीने ते हातात घातलं आणि कामावर निघून गेली, काढलंच नाही. बायको म्हणाली, "गोदामातनं सुटलात की घरातल्या दाण्यांना लागलात." पण तिच्या हातात हिरवं घातलं तेव्हा ती शेजारच्या प्रत्येक घरात काही ना काही मागायला जाऊन आली. गावात कळलं, मग नोकरीवर कळलं. गोदामातला हमाल गडी म्हणाला, "साहेब, माझ्या पोरीला एक करा ना." आता डबा मी सगळ्यांत बसून खातो. सांडलं तर सांडलं. त्या नव्या साहेबांनाही मी डॉक्टरांचा कागद दाखवला, आणि पुढे त्यांच्या बायकोसाठी निळं करून दिलं. ते त्यांनी खाली मान घालून घेतलं.

मग मुलीला बघायला तुडीलचं घर आलं. सावित्रीकाठची शेती असलेली माणसं. बायकोने मला आधीच बजावलं होतं, तुमच्यापुढे चहा ठेवत नाही, लगेच मागच्या दाराने कामाला म्हणून निघा. मी हो म्हटलं. पण पाहुणे बसले, मुलीने चहा आणला, आणि मी बायकोला म्हटलं, "मला पण आण." कप वाजला. सगळ्यांनी बघितलं. मी तो खाली ठेवला आणि म्हटलं, "मी पीत नाही. हा कंप आहे, आमच्या घराण्यातला. माझ्या वडिलांना होता, मला आहे. मुलीला होईल का, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तुम्हाला नंतर बाहेरून कळायला नको, म्हणून मीच सांगतो." बायकोचा चेहरा पडला. मुलाचा बाप छताकडे बघायला लागला.

मुलाच्या आईची नजर मात्र माझ्या मुलीच्या हातावर होती. "आनि हे कुनी केलंय?" मुलगी म्हणाली, "बाबांनी." ती बाई माझ्याकडे बघत राहिली. "या हातांनी?" मग तिने पदर सावरला आणि हात पुढे केला. "मग एक माज्या हातात घाला बघू." मी आतून ब्रेसलेटांचा डबा आणला. जांभळं निवडलं. तिचा हात लोडावर, माझं मनगट त्याच्या शेजारी टेकवलेलं. हूक दोनदा निसटला. कुणी मदतीला पुढे झालं नाही, आणि त्याबद्दल मी त्या सगळ्यांचा ऋणी आहे. हूक बसला. तिने हात उजेडात फिरवून बघितला आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या घरातला दमा मला कुनी सांगितला होता काय लग्नाआधी? ह्यांनी सांगितलं तरी." मुलाचा बाप हसला, आणि मग सगळेच. तो चहा मी दोन्ही हातांनी धरून, कोपरं गुडघ्यावर टेकवून, सगळ्यांसमोर प्यायलो.

मुलीची हळद मी कुडपणला केली. हॉल घ्या, एवढ्या वर कोण चढून येणार, असं सगळे म्हणत होते. मी ऐकलं नाही, हळद आपल्याच अंगणात लागली. वाडीतल्या प्रत्येक बाईसाठी, पोरीसाठी मी ब्रेसलेट करून नेलं होतं, आणि ओटीवर बसून एकेकीच्या हातात घालत होतो. शेजारचे काका, तेच, आता पार वाकलेले, भिंतीला टेकून बघत होते. बराच वेळ बघितल्यावर म्हणाले, "तुजा पण हात हालतो रे."

"होय काका. बाबांचाच हाय."

"तू घेतोस?"

"नाय."

त्यांनी माझ्या बोटांकडे पुन्हा बघितलं. मग हळूच म्हणाले, "म्हंजे तुजा बा पण पीत नव्हता."

"कधीच नाय, काका. हा आजार हाय. डॉक्टरनी लिहून दिलंय."

आई उंबऱ्याशी बसली होती. तिला आता कमी ऐकू येतं, पण इतकंही कमी नाही. तिने कानाला हात लावला. "काय बोललास रे? मोठ्यानं बोल."

काका घसा साफ करून म्हणाले, "म्हटलं, तुजा घो पीत नव्हता."

"ऐकू नाय आलं."

"पीत नव्हता गो!" काका ओरडले. अंगणातली हळद थांबली, सगळ्या बायका वळल्या. "त्याचा हात आजारानं हालायचा! म्या उगाच बोललो त्या दिवशी, पावन्यांच्या समोर!"

"हां," आई म्हणाली, "आता आलं ऐकू." आणि तिने तिचा हात माझ्यापुढे केला, तुम्ही गेल्यापासून मोकळा असलेला. मी त्यात लाल मण्यांचं घातलं. आक्का मागे उभी होती, ती डोळे पुसत हसत होती, आणि काकांनी आपला काळाकुट्ट सुकलेला हात पुढे करून विचारलं, "बाप्यांस्नी चालतं काय हे?" त्यांनाही घातलं. पंगतीला ते माझ्या शेजारी बसले, बाबा, आणि माझ्या पानावर वरण सांडलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे लिहायला बसतानाच ठाऊक होतं. अक्षर वाकडंतिकडं आलं आहे, पण लागतं. आता एकच सांगायचं राहिलं, ते आईलाही सांगितलेलं नाही. यंदा भातलावणीला कंबर धरली असं सांगून मी कुडपणला गेलो नाही, चुलतभावांनी आपलं शेत लावलं. कंबर चांगली होती. एक हिरवं-पिवळं ब्रेसलेट निम्म्यावर आलं होतं, आणि बाबा, मला ते सोडवेना.