गल्ल्यावरची लाट

२१ मार्च २००४, पाडवा
गुढी उभारली. नवी वही काढली. यंदा दोनच संकल्प. निवडणूक आली आहे, तेव्हा जातपात, गाव-भावकी सोडून फक्त देशाचा विचार करायचा. आणि मोरीचा पाइप जोडायचा. टाकी ते बेसिन, चार फुटांचं काम.

पेणच्या एस.टी. स्टँडवर हातगाडीवर वडे तळणारा दत्तू आज गडब गावी हायवेवर स्वतःच्या हॉटेलात गल्ल्यावर बसतो, लोक त्याला दत्तूशेठ म्हणतात, हे कशाच्या जोरावर? कानांच्या. गिऱ्हाईक बाकावर टेकायच्या आधी मला कळतं, मिसळ की नुसता चहा. मग त्याचं मत कुणाला, हे कळायला काय कठीण?

चंद्रावती (आमची मंडळी. भटारखाना तिच्याकडे, देश माझ्याकडे) पाइपचं बोलली. म्हटलं, वहीत लिहिलाय.

२३ मार्च
काळुरामला नदीजोड प्रकल्प समजावला. काळुराम टेम्पोवाला, खाडीवरून मिठाच्या गोण्या भरतो, रोजचं गिऱ्हाईक. उत्तरेत पूर, दक्षिणेत दुष्काळ, मध्ये एक कालवा टाकला की झालं. टेबलावर पाण्याने गंगा काढून दाखवली, कावेरीही काढली. काळुराम म्हणाला, "बरोबर हाय शेट. आपल्याच पक्षाला देनार." इतक्या लवकर समजून घेणारा माणूस क्वचित भेटतो. दुसरा चहा माझ्याकडून दिला.

पाइप राहिला. टेबलावरची गंगा हॉटेलातल्या पोऱ्याला, जनूला, पुसायला सांगितली.

२५ मार्च
परराष्ट्र धोरण. मागच्या शुक्रवारी मी म्हणालो होतो की पाकिस्तानशी क्रिकेट खेळूच नये. काल सिरीज जिंकलो. आज सकाळपासून सांगतोय, खेळाने मैत्री वाढते. धोरण लवचीक हवं.

२८ मार्च, रविवार
हैबतराव आला. माझा मेहुणा. रोह्याला कंपनीत शिफ्टवर असतो, आणि शिफ्टवर जी माणसं भेटतात त्यांच्यावरून देशाचं भाकीत करतो. म्हणे, सरकार पडणार. मी हसलो. तो म्हणाला, "भावोजी, तुमी ऐकत नाय. तुमी ऐकवता."

मी? चाकाच्या आवाजावरून सांगतो, एस.टी. कोलाडला थांबेल की माणगावला!

पैज लागली. आपलं सरकार परत आलं, तर हैबतराव एक दिवस माझ्या हॉटेलात आपल्या पक्षाची टोपी घालून वेटर. नाही आलं, तर माझ्या हॉटेलात पाटी लागणार: 'येथे राजकारणावर बोलू नये.' पुढच्या निवडणुकीपर्यंत. म्हणजे पाच वर्षं. हा माझ्या वर्मावर घाव आहे हे तो जाणतो. चार माणसांशी चार गोष्टी बोलायला मिळतात म्हणून तर मी पहाटे चारला उठून भट्टी पेटवतो. पण घाबरतो कोण? मी आपणहून वर आणखी एक अट घातली, नुसतं सरकार नाही, आपल्या बूथवरही निम्म्याहून जास्त मतं आपल्या पक्षाची असतील. यातलं एक जरी चुकलं तरी पाटी.

चंद्रावती खिडकीतून ऐकत होती. म्हणाली, पाटी लावाल तर मोठ्या अक्षरात लावा. गंमत करते.

३० मार्च
सर्व्हे सुरू. शास्त्रीय पद्धत. गल्ल्यावर चिनीमातीच्या दोन बरण्या ठेवल्या, एक आपली, एक त्यांची. गिऱ्हाईक बोललं की त्याच्या मताचा एक वाल बरणीत. वाल घरचेच, कडवे. चॅनेलवाले कॉम्प्युटर लावतात. वाल काय खोटं बोलतोय?

५ एप्रिल
आपल्या बरणीचा तळ कधीच झाकला. दुसरीत नुसता खडखडाट.

आज आर्थिक विषय घेतला. फुकट वाटून वाटून हा देश बुडाला. सबसिडी बंद केली पाहिजे, लोकांना कष्टाची सवय लावली पाहिजे. सगळ्यांना पटलं. ज्याला पटलं त्याला चहा दिला. चारच्या सुमारास दूध संपलं.

चंद्रावतीने विचारलं, ही सबसिडी नाय तर काय? म्हटलं, याला प्रोत्साहन म्हणतात. ती मोरीकडे बघून काहीतरी बोलली. पाइप उद्या.

१२ एप्रिल
विरोधी बरणीत एकूण तीन वाल. एक हैबतरावचा. उरलेले दोघे चहा पीत नाहीत. चहा न पिणाऱ्याचं डोकं कसं चालावं?

पाइपच्या वळणासाठी पेणहून एल्बो आणला. साइज चुकली. दुकानदाराची चूक, मी बोटाने बरोबर दाखवली होती. तोवर जनू तांब्याने हातांवर पाणी घालतो. खाऊन उठलेली माणसं मोरीपाशी रांग लावून उभी राहतात आणि भटारखान्याच्या खिडकीशी काहीबाही बोलत बसतात. गल्ल्यापर्यंत ऐकू येत नाही. महत्त्वाचं नसणार.

१८ एप्रिल
कासूहून दोघे अनोळखी सायकलवर आले. बसायच्या आधीच म्हणाले, शेट, आपलंच येतंय. मी काही विचारलंही नव्हतं! मग नदीजोडवर माझं सगळं ऐकून घेतलं. दोन दोन चहा झाले. जाताना विचारत होते, उद्या नागोठण्याच्या पाव्हण्यांना आणलं तर चालेल का.

याला लाट म्हणतात. वर्तमानपत्रात वाचली होती, आज गल्ल्यावर बसून बघितली.

२६ एप्रिल, मतदान
सात वाजता शाळेत हजर. बूथवर पहिला नंबर. मशीनचं बटण दाबलं, टूं वाजलं. छाती भरून आली.

चंद्रावती दुपारी शेजारच्या सगुणाबरोबर गेली. आल्यावर विचारलं, दिलंस का? म्हणाली, "दिलं." कुणाला? "ज्याला द्यायचं त्याला." आपल्याच ना? ती म्हणाली, टाकी रिकामी हाय, पंप लावा.

म्हणजे आपल्यालाच. तिच्या नावाचा वाल टाकला. घरच्या मताला काय विचारायचं?

२ मे
टीव्हीवाले आपल्या जागा आधीपेक्षा कमी दाखवायला लागले आहेत. हैबतरावचा फोन आला, फक्त हसला. त्याला म्हटलं, हे लोक दिल्लीत बसून माणसं मोजतात. एकदा गडबला येऊन चहा प्यायले असते तर कळलं असतं.

८ मे
पेणला जाऊन पेंटर विठूला भेटलो. छातीवर लावायचा पट्टा रंगवायला टाकला: 'हैबतराव, वेटर.' टोपीही घेतली, त्याच्या डोक्याला जरा घट्ट होईल अशी. विठूने विचारलं, शेट, ती दुसरी पाटी पण तयार ठेवू काय? मी इतका हसलो की त्याच्या ब्रशचा रंग सांडला. पैजेचं याच्या कानावर कसं गेलं? हायवेवर काही लपत नाही. म्हटलं, ठेव, हवी असेल तर स्वतःच्या घरात लाव.

११ मे, संध्याकाळ
गल्ल्यावरची आपली बरणी गायब. चौकशी केली. चंद्रावतीला कैरीच्या लोणच्यासाठी हवी होती. म्हटलं, आतले वाल? म्हणाली, हायत. नीट ठेवलेत. बरं झालं. निकालानंतर ते वाल एका काचेच्या बरणीत घालून गणपतीशेजारी ठेवायचा विचार आहे.

१३ मे, सकाळी ८
निकाल. टीव्हीला हार घातला. सर्वांना चहा जाहीर.

१०.१५
सुरुवातीचे कल. कलांवर जायचं नसतं.

११.३०
टीव्हीत बिघाड असावा. जनूला अँटेना फिरवायला वर चढवला. चित्र स्वच्छ झालं. आकडे तेच.

१२.४०
देश गेला.

बूथ अजून आहे. आपल्या पक्षाचा माणूस मोजणीला बसलाय, त्याला तीनदा फोन लावला.

१.१०
त्याचा फोन आला. आमच्या बूथवर आपल्याला जेवढी मतं पडली, त्याच्या चौपट वाल मी बरणीत टाकले होते. मशीन खराब असणार असं म्हणत होतो, तेवढ्यात काळुराम आला. मी त्याच्याकडे बघितलं. तो टेबलाकडे बघायला लागला, जिथे मी गंगा काढली होती. म्हणाला, "शेट, चा लय चांगला असतो तुमचा."

१.४५
जेवायला बसलो. पानात वालाचं बिरडं. ओलं खोबरं, वर कोथिंबीर. दोन घास खाल्ले, आणि हात थांबला.

बिरड्याचे वाल सकाळी भिजवून दुपारी होत नाहीत. आधी भिजवा, मग फडक्यात बांधून मोड आणा, मग एकेक सोला. दोन दिवस जातात. म्हणजे हे मंगळवारी भिजवलेले.

विचारलं, हे कुठले वाल?

"बरणीतले."

निकाल तर आज लागला.

चंद्रावतीने पानात आणखी वाढलं. म्हणाली, "गल्ल्याशी बोलतात ती चहासाठी बोलतात. हात धुवायला आली का माझ्या खिडकीशी उभी ऱ्हातात. महिनाभर ऐकते मी. पाणी नाय, रस्त्याला खड्डे, पोराला काम नाय. आन् शेट नद्या जोडतोय, चार फुटांचा पाइप जोडवत नाय."

मी म्हटलं, मग आधी का नाही सांगितलंस?

"तुमी इचारलंत?"

बिरडं चांगलं झालं होतं. संपवलं.

संध्याकाळ
हैबतराव आला. शर्ट काढला, मोरीपाशी बसला, बरोबर साइजचा एल्बो खिशातूनच आणला होता. मी त्याला मजुरांचं राष्ट्रीय धोरण सांगायला सुरुवात केली तोवर पाणी आलंसुद्धा. जाताना घट्ट टोपी मागून घेतली. पावसाळ्यात बाइकवर उपयोगी पडेल म्हणे.

१४ मे
सकाळीच विठू पाटी घेऊन आला. पांढऱ्यावर लाल, मोठी अक्षरं. इतक्या लवकर कशी झाली? म्हणाला, "वयनींनी कधीच सांगून ठेवलेली. अक्षरं मोठी काढ म्हनाल्या."

मीच स्टुलावर चढून खिळा ठोकला. शब्द म्हणजे शब्द.

दिवसभर लोक आले, पाटी वाचली, खाल्लं, बेसिनवर हात धुतले, गेले. नळ सुरू, त्यामुळे रांग नाही. काळुराम चहा पिऊन रिकामा कप हातात धरून बसला होता, माझ्याकडे बघत. मी पाटीकडे बघितलं. त्याने दुसऱ्या चहाचे पैसे दिले. कासूचे दोघे दारातूनच परत गेले. दूध उरलं. खरवस असावा तसं जपून ठेवलंय हिने.

मंत्रिमंडळाबद्दल माझी काही ठाम मतं आहेत. कुणाला रेल्वे द्यावी, कुणाला अर्थखातं. गिऱ्हाइकांपुढे बोलणार नाही. पण घरात बोलायला पाटीची हरकत नसावी. दुपारी हॉटेल रिकामं झाल्यावर चंद्रावतीला हाक मारली. ती कालवण ढवळता ढवळता डाव हातात घेऊनच बाहेर आली. म्हटलं, आता झालं ते झालं. खरं सांग गो, तू कुणाला दिलंस?

तिने डाव उचलून पाटी दाखवली. रस्सा उडाला तो नेमका 'नये'वर.

मी फडकं घेऊन पुसायला उठलो, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पाच वर्सं हायत."